वगळलेली सतरा घरे

१९८६च्या जानेवारीतल्या त्या मंगळवारी मी नेहमीप्रमाणे आठ वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेचे कुलूप उघडले. फ्रिजमधून द्रावणाची बाटली काढून ओट्यावर ठेवली, पट्ट्या भिजत घातल्या, आदल्या दिवशी आलेल्या नळ्या क्रमाने लावून त्यांवरचे आकडे वहीशी ताडून पाहिले. मग एक पट्टी टिपकागदावर अलगद दाबून तिच्या कडेला रक्ताचे आठ थेंब ओळीने टेकवले, पेटीचे झाकण लावले आणि वीज सुरू केली. पुढचा पाऊण तास काही करायचे नसते. रक्तातले तांबडे द्रव्य, हिमोग्लोबिन, त्या पट्टीवरून आपापल्या गतीने सरकत राहते. निरोगी माणसाचे पुढे जाते, सिकलसेल या आनुवंशिक रोगातले मागे रेंगाळते. ज्याला हा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आला आहे त्याच्या दोन रेघा उमटतात, एक पुढे आणि एक मागे. असा माणूस सहसा आजारी नसतो. दोघांकडून आला असेल तर पुढची रेघ उमटतच नाही.

हा पाऊण तास चहाचा आणि टपालाचा.

टपाल आणत असे आमचा तंत्रज्ञ बिसेन. त्या काळी एखादा शोधनिबंध आपल्या ग्रंथालयात मिळाला नाही, तर परदेशातले संशोधक लेखकालाच छापील पोस्टकार्ड पाठवून त्याची प्रत मागवीत. कोणाच्या नावाने किती कार्डे येतात यावरून कोणाचे काम किती वाचले जाते ते कळे. दाराशेजारच्या लाकडी कप्प्यांत बिसेन ती कार्डे लावी आणि तिकिटे जमवण्याचा नाद असल्यामुळे मोठ्याने मोजी.

"रामटेके मॅडमले नऊ," तो म्हणाला. "जमैका, बगदाद, आन हे पाहा जी, हंगेरी. तुमाले एक."

"कुठलं?"

"पुणं." पुण्याच्या तिकिटाबद्दल त्याच्या आवाजात खरीखुरी सहानुभूती होती.

मी कार्ड उलटून पाहिले. मागणी 'रामटेके व देवपुजारी' यांच्या निबंधाची होती; देवपुजारी मी, नाव दुसरे.

डॉ. उत्पला रामटेके माझी विद्यार्थिनी. एम.डी.ला तिचा मार्गदर्शक मी होतो. सुई कशी धरावी इथपासून निबंधाचा शेवट कसा करावा इथपर्यंत सारे तिला मी शिकवले, असे मी त्या दिवसांत लोकांना वारंवार सांगत असे. वारंवार सांगावे लागे हेच पुरेसे बोलके होते. चार वर्षांत तिचे अकरा निबंध छापून आले. मला तेवढ्यांना सतरा वर्षे लागली होती. तिचा नवा निबंध हाती आला की मी आधी संदर्भांची यादी उघडून आपले नाव किती वेळा आले ते मोजी, आणि एखादी छपाईची चूक सापडली तर तो दिवस मला बरा जाई. हे सारे मी कोणालाही कळू देत नाही, अशी माझी समजूत होती.

पेटीची वीज बंद करत होतो तेवढ्यात ती आत आली.

"सर, वेळ आहे? अठ्ठ्याहत्तरच्या निबंधाची कार्डं बघायची होती."

"बाहेरच्या खणात तर आहेत. दोनशे त्रेचाळीस घरं."

"ती बघून झाली. वगळलेली सतरा हवी आहेत."

तो निबंध हे माझे नाव होते. दहा वर्षे आडवाटेच्या गावांत शिबिरे घेऊन दोनशे साठ कुटुंबांचे रक्त मी तपासले होते, प्रत्येक घराचे एक कार्ड केले होते. त्यांतली सतरा घरे वेगळी काढून मी एका खोक्यात कुलूपबंद ठेवली होती. त्या प्रत्येक घरात मूल पुरते सिकलसेलचे होते, आईत दोष होता, आणि वडिलांच्या पट्टीवर मात्र त्याची रेघच नव्हती. निबंधाच्या तळटीपेत मी दोन शब्दांत कारण दिले होते: संशयास्पद पितृत्व.

"त्यात काय बघायचं?" मी म्हणालो. "बाप जुळत नाही तिथे आपण काय करणार?"

"अडीचशे घरांत सतरा वेळा जुळत नाही, सर?"

"तू खेड्यांतून फिरलेली आहेस. तुला माहीत नाही का?"

वाक्य तोंडातून गेले आणि मला ऐकू आले. उत्पलाने हातातली वही मिटली.

"माझा जन्म खेड्यातलाच आहे," ती म्हणाली. "म्हणून विचारते."

किल्ली मी तिला आठ दिवसांनी दिली. तोवर ती हरवली आहे असे सांगत होतो.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिने माझ्या टेबलावर खोक्याची किल्ली आणि एक निळी फाइल आणून ठेवली. सतरापैकी अकरा घरे तिला सापडली होती. त्या अकरा बापांचे रक्त तिने पुन्हा घेतले होते आणि दक्षिणेतल्या एका संस्थेत शिकून आलेल्या बारीक काचनळीच्या पद्धतीने तपासले होते. नऊ जणांत थॅलसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन पुरेसे न बनण्याचा दोष होता. पट्टीवर तो रेघ म्हणून उमटत नाही. अशा बापाकडून मुलाला सदोष नव्हे, जवळजवळ रिकामा वाटा मिळतो; मग मुलाच्या पट्टीवर आईकडची एकच रेघ दिसते आणि पाहणाऱ्याला वाटते की दोष दोन्हीकडून आला.

"म्हणजे ते बाप त्यांचेच आहेत, सर."

मी पहिल्या पानावरून नजर हलवली नाही. तिथे लिहिले होते: उ. रामटेके, वा. देवपुजारी.

"ठेवून जा," मी म्हणालो. "वाचून सांगतो, डॉक्टर."

मी तिला आजवर 'डॉक्टर' म्हणालो नव्हतो. ती दार लोटून गेली.

विभागप्रमुखाचा तात्पुरता कार्यभार माझ्याकडे होता. माझ्या सहीवाचून विभागातून कागद बाहेर जात नसे. एप्रिलमध्ये प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि माझ्या निबंधांच्या यादीत वजनदार म्हणावा असा निबंध तो एकच, अठ्ठ्याहत्तरचा. फाइलमधला निबंध छापून आला की त्याची तळटीप खोटी ठरणार होती. आणि हेही खरे की ती काचनळीची पद्धत ब्याऐंशीपासून माझ्याही प्रयोगशाळेत होती. खोके उघडावे असे चार वर्षांत मला एकदाही वाटले नव्हते.

मी फाइल उजव्या हाताच्या खणात ठेवली.

कँटीनमध्ये शल्यविभागाचे हरदास भेटले. "काय देवपुजारी, मुलाखत जवळ आली म्हणे! रामटेकेबाई अर्ज करत नाहीत ना? नाही म्हटलं, विचारून ठेवलेलं बरं." सगळे हसले. मीही हसलो. चहा तसाच टाकून वर आलो आणि त्या दुपारी टंकलेखकाला एक पान टंकायला दिले. शीर्षक तेच. त्याखाली: वा. देवपुजारी, उ. रामटेके. कार्डे माझी, गावे माझी, दहा वर्षांचे ऊन माझे. तिने केवळ नळीतून थेंब गाळले, असा हिशेब मी मनाशी मांडत होतो. ते पान मी फाइलीत मात्र लावले नाही. खिशात ठेवले.

उत्पलाने दोनदा विचारले.

"सर, फाइल?"

"भाषा सुधारतो आहे."

"निबंधाचं राहू द्या. मागची पानं तरी—"

"मागचं, पुढचं, सगळं बघतो मी."

नावाची अदलाबदल करायला मला एखादे कारण हवे होते, आणि कारण एकच असू शकत होते: तिच्या कामात चूक सापडणे. अकरापैकी एखाद्या बापाचा नमुना दुसऱ्या नळीशी बदललेला निघाला, तर सारेच संशयात आणता आले असते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी तिला न सांगता बिसेनला घेऊन निघालो. कार्ड क्रमांक एकशे बारा. गाव बोदलटोला, कारू मडावी.

बसमधून उतरून दीड कोस चालावे लागले. मोहफुले वेचण्याचे दिवस होते. झाडांखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली होती. कारू घरी नव्हता. त्याच्या दारातल्या बाईने विचारले, "कोन्त्या बायकोचं काम आहे? पहिलीचं असन तर ते भावाकडे राहाते, तिकडं, तळ्याच्या अलीकडं."

तिथे कारूची पहिली बायको सगुणाबाई अंगणात मोहफुले वाळत घालत होती. तेरा-चौदा वर्षांची, वयाच्या मानाने लहानखुरी मुलगी बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिचे डोळे पिवळसर होते. मला पाहून सगुणाबाई उभी राहिली. तिने हात पदराला पुसले.

"आले का जी? मॅडमनं सांगतलं होतं, मोठे डॉक्टर येतीन म्हणून. पाच हप्ते झाले. मी म्हणलं, आता काई येत नाई."

"मॅडमनी काय सांगितलं?"

"कागद चुकला म्हणे. मी म्हणलं, तं तुमीच सांगा ना बाई, साऱ्या गावाले. तं म्हणे, ज्याची सही त्यानंच सांगावं लागते."

ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून चौघडी घातलेला कागद घेऊन आली. १९७६च्या शिबिरातला माझा अहवाल. आई: एका बाजूने दोष. वडील: दोष नाही. मुलगी: दोन्ही बाजूंनी दोष. खाली माझी सही आणि सहीखाली ओढलेली रेघ.

"तुमीच चिंचोके दाखवले होते, ध्यानात हाये का जी?"

होते. शिबिरात मी नेहमी चिंचोके घेऊन बसे. काही चुन्यात बुडवून पांढरे केलेले, काही तसेच काळे. प्रत्येकाजवळ दोन, एक आईकडचा आणि एक बापाकडचा. दोन्ही काळे आले तरच रोग. खेड्यातल्या माणसाला आनुवंशिकता इतक्या सोप्या रीतीने समजावतो म्हणून माझे कौतुक झालेले होते.

"गुरुजीनं शाळेसमोर कागद वाचला," सगुणाबाई म्हणाली. "मंग कारूच्या भावानं इचारलं, कारूपाशी काळा नाई, तं पोरीपाशी दुसरा काळा आला कोठून? सारे माह्याकडे पाहाले लागले. मले काई सांगता येये ना. चिंचोके तं मी बी पाह्यले होते. खरंच वाटे. मीच रात्रंदिस इचार करो, का आपल्याले याद नाई असं कसं झालं?"

बाजेवरच्या मुलीने तोंड दुसरीकडे फिरवले. तिने हे पहिल्यांदा ऐकलेले नव्हते.

"आता नवा कागद आणला का जी?"

बिसेनच्या पिशवीत सुया, स्पिरिट आणि रिकाम्या नळ्या होत्या.

"नाही," मी म्हणालो.

"मंग कायले आले?"

परतीच्या बसमध्ये बिसेन खिडकीबाहेर पाहत होता. मग माझ्याकडे न वळता म्हणाला, "सर, त्या निळ्या फायलीत मागं नऊ फॉर्म लावले हायेत. मीच टाचले. तुमी पाह्यले असतीन म्हणून बोललो नाई."

विभागात पोचलो तेव्हा पाच वाजत होते. खण उघडून फाइल काढली आणि उलटी धरली. शेवटच्या पानामागे नऊ छापील अहवाल होते, उत्पलाच्या अक्षरात भरलेले. वडिलांच्या नावापुढे लिहिले होते: दोष आहे, पूर्वीच्या तपासणीत कळू शकला नव्हता. मूल याच आईवडिलांचे मानण्यास रक्ततपासणीची कोणतीही हरकत नाही. खाली सहीची जागा मोकळी. प्रत्येक अहवालाची तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती. पाच आठवडे मी पहिल्या पानावरची एक ओळ वाचत होतो.

मी नऊ सह्या केल्या. मग निबंध पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत वाचला. तो चांगला होता. माझ्या तळटीपेविषयी तिने एकही कठोर शब्द वापरलेला नव्हता, 'त्या वेळी उपलब्ध साधनांनुसार' असे म्हटले होते. ते वाक्य मी खोडले, कारण ब्याऐंशीनंतर ते खरे नव्हते. पहिल्या पानावरचे माझे नाव खोडले. खिशातले टंकलेले पान फाडून टोपलीत टाकले. मासिकाच्या संपादकांना वेगळे पत्र लिहिले की, अठ्ठ्याहत्तरच्या निबंधातली सतरा कुटुंबे मी ज्या कारणाने वगळली ते कारण निराधार होते, तरी ही दुरुस्ती माझ्या नावाने छापावी. मुलाखतीसाठी तयार केलेल्या यादीतला नववा क्रमांक, म्हणजे अठ्ठ्याहत्तरचा निबंध, शाईने कापला आणि यादी तशीच पाठवली. निवड दुसऱ्याची झाली. कारण हेच, असे मात्र मला खात्रीने सांगता येणार नाही.

पुढच्या मंगळवारी मी बोदलटोल्याला एकटा गेलो. गुरुजी निवृत्त झाले होते, पण आले. कारू आणि त्याचे दोघे भाऊ शाळेच्या पायरीवर बसले. सगुणाबाई आपल्या भावाच्या शेजारी खांबाला टेकून उभी होती. मी जमिनीवर चिंचोके मांडले आणि कारूसाठी एक पांढरा, आणि एक पांढराच पण आतून पोखरलेला ठेवला.

"हा वरून पांढरा दिसतो," मी म्हणालो. "दहा वर्षांपूर्वी मी वरूनच पाहिला. आत किडलेला आहे ते मला दिसलं नाही. मुलीला आईकडून काळा आला आणि बापाकडून हा पोखरलेला. मुलगी कारूची आहे असं मानायला रक्तात काहीही आडवं येत नाही. येतं असा जो अर्थ माझ्या कागदातून निघाला, ती चूक माझी. सगुणाबाईंची नव्हे."

गुरुजींनी नवा कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचला. दोनदा वाचला. कारू जमिनीकडे पाहत होता. त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "मंग हे दहा वरसं?"

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

"मॅडम असत्या तं त्याहीनं देल्लं असतं," सगुणाबाईचा भाऊ म्हणाला.

कोणीतरी तिला घरी परत ये असे म्हणू लागले, तशी तिने हात हलवला. "मले कोठी जायाचं नाई. सांगायचं होतं, सांगून झालं. पोरीच्या औषधाचं बोला." मग ते मी बोललो, कोणत्या गोळ्या रोज द्यायच्या, पाणी किती प्यायला द्यायचे, ताप आला तर किती वेळापेक्षा जास्त थांबायचे नाही, आणि दर दोन महिन्यांनी कोण येईल. निघताना मी जुना कागद मागितला.

"द्या, मी नष्ट करतो."

तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवून चौघडी घातली. "राहू द्या जी. पोरीचं लगन होईन तवा कोनी इचारलं तं दोन्ही दाखवीन. सही एकाचीच हाये."

मत्सर त्या दिवशी संपला असे मी म्हणणार नाही. उत्पलाचा तो निबंध वर्षअखेरीस तिच्या एकटीच्या नावाने आला आणि पहिल्याच महिन्यात तिच्या कप्प्यात एकतीस कार्डे पडली. मीही मोजली होती. माझे नाव का काढले असे तिने एकदा विचारले. मी म्हणालो, "त्यात माझं काही नव्हतं," आणि तिने वाद घातला नाही.

पण गावाहून परतल्यानंतरची दुसरी सकाळ मला नीट आठवते. आठ वाजून दहा मिनिटांनी कुलूप उघडले. द्रावण काढले, पट्ट्या भिजवल्या, आठ थेंब टेकवले, वीज सुरू केली. मग त्या पाऊण तासात मी कुलूपबंद खोके ओट्यावर आणले आणि सतराही कार्डे बाहेर काढली. नऊ उलगडलेली, दोन अजून न उलगडलेली, सहा न सापडलेली. बाहेरचा लांब खण उघडून प्रत्येक कार्ड त्याच्या त्याच्या क्रमांकावर लावले. एकशे बारा आत जाताना अडकले, कारण इतक्या वर्षांत शेजारची कार्डे सरकून एकमेकांना चिकटली होती. ती बोटाने बाजूला करावी लागली.

बिसेन टपाल घेऊन यायच्या आत मी रिकाम्या खोक्याची आणि खणाची, अशा दोन्ही किल्ल्या उत्पलाच्या कप्प्यात ठेवल्या आणि पेटीकडे परत गेलो. पाऊण तास होत आला होता.